साध्या वेशातला गोरख

पनवेलजवळच्या करंजाडेच्या सोसायटीत गोरख नावाचा भाडेकरू राहायला आला आणि अवधूतरावांनी लगेच ताडलं, हा साध्या वेशातला पोलीस. बारीक कापलेले केस, वेळी-अवेळी बाहेर जाणं, जिन्यात उभं राहून फोनवर दबक्या आवाजात बोलणं. आणखी काय पुरावा हवा?

"खात्री करता येते," ते बायकोला, शशिकलाबाईंना म्हणाले. "तोंडावर तीनदा विचारलं, तर छुप्या पोलिसाला खोटं बोलता येत नाही. कायदाच आहे तसा."

"कुठल्या पुस्तकातला?"

"ग्रुपवर आलं होतं."

संध्याकाळी त्यांनी गोरखला लिफ्टपाशी गाठलं.

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाय वो काका. द्रोणागिरीला गोदामात कामाला हाय."

"पोलीस आहात का?"

"नाय म्हटलं ना!"

"शेवटचं विचारतो. आहात का?"

गोरखच्या हातात जेवणाचा डबा होता, बाहेर रिक्षा खोळंबली होती. "हाय, बाबा, हाय! जाऊ द्या आता."

झालं! जेवणं उरकायच्या आत बिल्डिंगभर बातमी पसरली. गच्चीवरचा पत्त्यांचा अड्डा बंद पडला. तळमजल्यावरच्या हरेशने विनापरवाना मोटारसायकल ताडपत्रीखाली दडवली. सेक्रेटरी महादेव पाटील गोरख दिसला की सलाम ठोकू लागले. पण दोन शब्द बोलायला कुणी थांबेना. पोलिसाशी बोललेलं प्रत्येक वाक्य कोर्टात पुरावा म्हणून येतं, असं अवधूतरावांनीच सगळ्यांना बजावलं होतं.

एकदा गोरखनेच त्यांना थांबवलं.

"काका, बायको हॉस्पिटलात हाय माझी. दिपा. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, मला काय कळत नाय. तुमी जरा संगती याल?"

अवधूतरावांनी आजूबाजूला पाहून त्याचा दंड दाबला. "बायको, हॉस्पिटल... छान जमवलंय. माझ्याकडून फुटणार नाही, निर्धास्त राहा."

गोरख डबा सावरत खाली उतरला.

पुढे एका सकाळी फाटकातून शववाहिका आत आली. खिडक्याखिडक्यांचे पडदे हलले, दार मात्र एकही उघडलं नाही. पोलिसांच्या सापळ्यात मध्ये येणाऱ्यालाही आत टाकतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात अवधूतरावांची बेल वाजली. दारात गोरख उभा होता.

"काका, गाववाले वडखळच्या ट्राफिकमदी अडकलेत. खांद्याला माणूस कमी पडतोय."

"मी आलो तर..." अवधूतराव कुजबुजले, "ऑपरेशनला अडचण नाही ना होणार?"

"ऑपरेशन झालंच नाय, काका. डॉक्टर म्हणले, आणायला उशीर झाला."

शशिकलाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "अहो, बघताय काय? जा ना!"

दिपा अगदी हलकी झाली होती. खांद्याला भार म्हणून जाणवत नव्हता, आणि तेच अवधूतरावांना सोसेना.

संध्याकाळी ते पिठलं-भात घेऊन गोरखकडे गेले. तो भिंतीला टेकून बसला होता.

"ती रोज विचारायची," तो म्हणाला, "बिल्डिंगमधली माणसं कशी हायत? मी सांगायचो, जाम चांगली. मला सलाम करतात. ती हसायची. म्हणायची, मग मला घरी ने लवकर."

अवधूतरावांनी ताट पुढे ओढलं आणि गोरखला भात वाढला.