रोज पुण्याला निघणारा मिलिंद

आमच्या वडवणीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत जागा मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. दुसरा फक्त आमच्या गावाला ठाऊक आहे. मिलिंद सर कुठल्या सीटवर बसलेत ते पाहायचं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. कारण मिलिंद रोज दुपारी त्या गाडीत बसतो आणि कंडक्टरने घंटी मारली की उठून खाली उतरतो.

सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याचा हा कार्यक्रम चुकत नाही. गाडी पुण्याहून येते, रिकामी होते आणि थोडं थांबून पुण्यालाच परत जाते. ती वळण घेत असतानाच मिलिंदचा रुमाल खिडकीतून आत जातो. परदेशात रांगेत उभं राहायला शिकून आलेला माणूस, पण रुमालाचा नेम अजून गावचाच आहे. मग त्याच्याभोवती गर्दी जमते. एखादी म्हातारी दारातूनच ओरडते, "मिलिंद सर कोन्त्या खिडकीला बसल्यात गं?" त्याच्या सीटवर डोळा ठेवून असलेले लोक त्याला शेंगदाणे देतात, तब्येत विचारतात. जुने कंडक्टर त्याला तिकीट विचारत नाहीत. एकदा एका नव्या कंडक्टरने घंटी जरा लवकर मारली, तेव्हा साहेब घाटसावळीपर्यंत गेले आणि काळीपिवळीने परत आले.

"काय बे, गेलतास ना आज?" मी विचारलं.

"तूर्तास बघून आलो," तो म्हणाला.

हा 'तूर्तास' त्याच्या तोंडात कायमचा वस्तीला आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला की "तूर्तास पुरे." कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे नोकरीच तूर्तास. मध्ये एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुक्काम कुठं असतो?" हा म्हणाला, "तूर्तास वडवणी." ते गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

माझं चष्म्याचं दुकान स्टँडच्या समोर आहे. मिलिंद आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो माझ्या डोक्यावर पाय ठेवून पुढे निघून गेला असं आमचे अब्बा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो हॉलंडला गेला आणि पाण्याचं शास्त्र शिकला. त्या देशात म्हणे जमीन समुद्राच्या खाली आहे आणि पाणी बाहेर कसं ढकलायचं ही त्यांची चिंता. आमच्याकडे नळाला पाणी कधी येणार यावर लग्नाच्या तारखा ठरतात. असा उलटा अभ्यास करून आलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

तरी लोकांनी त्याला संधी दिली. जवळच्या एका गावात बोअर घ्यायचा होता, तेव्हा मिलिंदला बोलावलं. त्याने नकाशा पसरला, दगड उचलून पाहिले आणि सांगितलं, मोजणी केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. गावकऱ्यांनी मान डोलावली आणि लगेच पाणाड्याला बोलावलं. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेतभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तिथे मशीन लावलं तर धुरळ्याखेरीज काही निघालं नाही. गावात अजून बोलतात, "दोघं बी सारखेच. पन पाणाड्याचा नारळ तरी खायला झाला."

मिलिंदला याचा राग येत नाही. त्याला कशाचाच राग येत नाही, हेच मला सहन होत नाही. तो कंडक्टरला धन्यवाद म्हणतो, आडव्या आलेल्या शेळीला सॉरी म्हणतो, आणि पाहावं तेव्हा पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो. इतकं शिकून आलेला माणूस असा वाया जाताना रोज डोळ्यांसमोर पाहणं ही काही गंमत नाही. पण गावाने गंमत केली आणि खरं सांगायचं तर मीही हसलो.

आता तात्यांबद्दल सांगतो. तात्या म्हणजे मिलिंदचे वडील. गवंडी माणूस. वडवणीतल्या अर्ध्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांच्या घरात भिंतीवर सूट घातलेला जो फोटो आहे, ते साहेबही सातासमुद्रापलीकडे शिकून परत आले होते. पोराला तात्यांनी अक्षर ओळखायच्या आधी ती गोष्ट शिकवली. "शिकाया लांब जावं, पन शिकून आपल्या मान्सात माघारी यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिलिंद तिकडे असताना त्याची आई वारली. त्यानंतर तात्या फोनवर दुसरं काही बोलतच नसत. कवा येतो? कवा येतो? तिकडे त्याला शिकवणाऱ्या बाईंनी मिलिंदसाठी विद्यापीठात जागा धरून ठेवली होती. तो त्यांना 'तूर्तास' म्हणाला आणि इकडे आला.

तो आला तेव्हा तात्यांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "कोन पाहिजे, साहेब?"

आम्हाला वाटलं, नजर अधू झाली. तात्यांनाही तसंच वाटलं. ते स्वतः माझ्या दुकानात आले. "सलीम, चष्मा जुना झाला रे. पोरगं यायचंय माझं, वळखू यायला पाहिजे." मी नंबर काढला, नवीन काचा बसवल्या. दुसऱ्या दिवशी मिलिंदला पुढे उभं केलं. तात्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "लई साफ दिसतंय. ह्या साहेबाच्या कपाळावरचा तीळ सुदिक दिसतोय." मी पुन्हा नंबर काढला. काचा पुन्हा बदलल्या. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोष डोळ्यांत नाही, आठवण पुसत चालली आहे, आणि त्याला काच नाही.

रस्त्याने जाताना तात्या अजूनही भिंतीवर थाप मारून सांगतात, "ही माझी. हिचा पाया मी भरला." भिंती त्यांना ओळखू येतात. घरात स्वयंपाक करून वाढणारा, त्यांना अंघोळ घालणारा माणूस मात्र त्यांना कोणी भला साहेब वाटतो. आणि दुपार झाली की ते स्टँडवर जातात, कारण मुलगा पुण्याच्या गाडीने येणार. उतारू उतरतात, हे एकेकाचं तोंड पाहतात. मग गाडी परत निघेपर्यंत बाकावर बसून राहतात. वाटेत झोपला असेल, उतरेल.

मी एकदा मिलिंदला दुकानात कोंडून विचारलं, "कावून बसतो बे रोज त्या गाडीत? जायचं तर जा एकदाचा. तात्यांना मी बघतो."

तो चष्म्यांच्या फ्रेम्स सरळ करू लागला. मग म्हणाला, "सल्या, चढताना खरंच वाटतं की जावं. इथं मी कोणाचाच नाही. उतरताना वाटतं, आज बघतील. गाडीतून उतरणारा मी दिसलो, तर ओळखतील. एकदा 'आलास का' म्हणू दे. मग मी जाईन नाहीतर राहीन, पण काहीतरी एक करीन."



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तात्यांच्या चष्म्याची दांडी मोडली होती, ती बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो होतो. घंटी झाली, मिलिंद उतरला, त्याच्या जागेवरून दोन बायकांची भांडणं लागली, गाडी गेली. तो येऊन तात्यांच्या शेजारी बसला. तात्यांनी सरकून जागा दिली आणि अदबीने म्हणाले, "साहेब, तुमी हॉलंडला जाऊन आलाव म्हनं."

"हो, गेलतो."

"माझा पोरगा असतोय तिकडं. मिलिंद नाव हाय. आता गेलाव आन भेटला, तर निरोप द्याल का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

"देईन की. काय सांगू?"

"मी बरा हाय म्हनावं. आन," तात्या थांबले, "येऊ नको म्हनावं. हितं काय बी न्हाई त्याच्याजोगं. मीच त्याला ये ये म्हनत होतो. चुकलं माझं. शिकल्यालं पोरगं, हितं येऊन काय करंल? लोकं हसतील त्याला."

मिलिंदने विचारलं, "आणि तो निघाला असेल तर?"

"तर वाटंतून माघारी फिर म्हनावं."

"मग तुम्ही रोज इथं कशाला येता, तात्या?"

त्यांनी नवल वाटल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "आन आलाच तर? स्टँडावर आपलं कुनी नको का त्याला?"

मिलिंद म्हणाला, "सांगतो." 'तूर्तास' हा शब्द काही त्याच्या तोंडून आला नाही.

ऊन कलायला लागलं होतं. मी चष्मा हातात दिला, तशी तात्यांनी नवी दांडी कानामागे नीट बसवली, मिलिंदचा चेहरा पाहिला, आणि कळवळ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी जावा आता, साहेब. तोंड पार सुकलंय तुमचं. घरी कुनी वाट बघत असंल."

"बघतायत," मिलिंद म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.