बाजूच्या क्वार्टरचा माऊस

"रंग कोणताबी दे, पण हात बसला पायजे," जानराव मेश्राम दुकानदार अरुणकुमारला सांगत होते. काउंटरवर सात-आठ बिनतारी माऊस मांडले होते आणि जानराव एकेकावर पंजा ठेवून, डोळे मिटून त्याची परीक्षा घेत होते.

बत्तीस वर्षं त्यांनी प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली खाली उभ्या माणसांच्या डोक्यावरून न्यायची आणि थेंब सांडू द्यायचा नाही, असा तो हात. आता संघमित्रानं, म्हणजे पुण्यातल्या नातीनं, आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये त्यांना कॅरमचा खेळ भरून दिला होता. पण लॅपटॉपच्या त्या चौकोनी पट्टीवर बोट घासून स्ट्रायकर मारणं जानरावांना जमेना. वायरचा माऊसही नको होता, कारण उन्हाळ्यात कूलर ज्या खोलीत, जानराव त्या खोलीत; दर वेळी वायर ओढत कुठं न्यायची?

"अंकलजी, ये लीजिए. गेमिंगवाला है, लाइट जलता है," अरुणकुमार म्हणाला.

"मले काय त्याच्या उजेडात भाजी निवडाची हाय?"

शेवटी एका साध्या काळ्या माऊसवर हात अगदी घरच्यासारखा बसला. जानरावांनी डोळे उघडले, तर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तस्साच माऊस हातात धरून देवराव काळमेघ उभे होते.

देवराव म्हणजे टाइम ऑफिसातले निवृत्त क्लार्क आणि जानरावांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. सव्वीस वर्षं दोघं कॅरम डबल्समधले जोडीदार होते. कॅन्टीनच्या सुट्टीत समोसा डाव्या हातात आणि स्ट्रायकर उजव्या. क्लबातल्या पिवळ्या बल्बखाली बोरिक पावडरीचा वास यायचा, मागं पोरांची गर्दी असायची आणि "मेश्राम-काळमेघ" अशी फळ्यावर खडूनं लिहिलेली नावं. चार वर्षांपूर्वी एका फायनलमध्ये जानरावांनी राणी घाईत मारली आणि सामना गेला. देवराव सगळ्यांसमोर बोलून गेले, "क्रेनवाल्याचा हात, बाप्पा! जडच राह्यते." त्या दिवसापासून दोन क्वार्टरांमधलं बोलणं बंद होतं.

देवरावांनी घेतलेलाच माऊस आपण घ्यायचा? जानरावांनी तो खाली ठेवला आणि बाकीचे पुन्हा चाचपले. पण हात काही दुसरीकडं बसेना.

"अरुणकुमार, मी आधी निवडला होता म्हण त्यायले," जानराव म्हणाले.

"त्यायले सांग, मी बी आधीच निवडला होता," देवराव छताकडे बघत म्हणाले. "अन् मले लिखापढीच्या कामाले पायजे. खेळाले नाही."

अरुणकुमारनं दोन्ही माऊस दुकानातल्या लॅपटॉपला लावून दाखवले. लॅपटॉपच्या कडेला खुपसायचे ते नखाएवढे दोन तुकडे पुन्हा काढले, खोक्यात भरले आणि दोघांना वेगवेगळ्या दारानं जाऊ दिलं.

घरी येऊन जानरावांनी तुकडा लॅपटॉपला लावला, कॅरम उघडला, माऊस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. माऊस गोल फिरवला, उलटा केला, फुंकर मारली. काही नाही. अन् मग ते हात काढून बसले, तेव्हा बाण आपोआप सुरू झाला! इकडून तिकडं धावला, सुटला तो स्ट्रायकर थेट राणीला जाऊन धडकला.

"कमला! अवो, इकडं ये! भूत खेळून राह्यलं!"

कमलाबाई पदराला हात पुसत आल्या. "माऊसले दाबून पाहा न जरा."

जानरावांनी जरा नाही, चांगलं दहा-बारा वेळा दणादण दाबलं. त्याबरोबर भिंतीपलीकडून देवरावांचा आवाज आला, "आवरा रे कोणी याले!" आणि जानरावांचा फोन वाजला. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल होता, नाव: देवराव.

चार वर्षांनी. जानरावांनी फोन उचलला, तर समोर देवरावांचा घामेजलेला चेहरा.

"बोल," जानराव म्हणाले.

"मी काय बोलू? तू लावला फोन, तूच बोल!"

"मी कावून लावू? तुयं नाव आलं इथं!"

प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, एकदा फोनमधून आणि एकदा भिंतीतून. "खोटं बोलून राह्यला!" असं दोघंही एकदमच म्हणाले आणि फोन बंद झाला.

जानरावांनी तडक संघमित्राला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली.

"आबा, टेन्शन मत लो. भूतबीत काही नाही. दुकानात दोघांचे डोंगल बदलले. लॅपटॉपला लावतो न ते छोटंसं, तेच. तुमचा माऊस त्यांच्या लॅपटॉपवर चालून राहिला अन् त्यांचा तुमच्यावर. जाओ, बदल के आओ."

"त्यानं यावं."

"जा न अवो," कमलाबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाले. भिंतीलेबी कान दुखत असतीन आता."

जानराव तुकडा मुठीत धरून, फोन तसाच चालू ठेवून निघाले. दार उघडताना देवरावांच्या बायकोनं, कमलिनीवहिनींनी, फक्त "या भाऊजी" म्हटलं आणि वाटेतून बाजूला झाल्या, जणू ते कालच येऊन गेले होते.

तुकड्यांची अदलाबदल झाली. देवरावांनी माऊस हलवला आणि बाण मुकाट्यानं मागं मागं आला.

"म्हणजे माया लॅपटॉपवरून फोन लावला तो तूच," देवराव जिंकल्यासारखे म्हणाले. "पाहा! शेवटी तूच लावला."

"आंधळ्यावानी दाबलं मी. मले काय मालूम कुठं लागते?"

हातातल्या फोनमधून संघमित्रा बोलली, "लेकिन आबा, असं कुठंही दाबून तुम्हाला कसा लागेल? देवरावआजोबांनी व्हॉट्सॲपवर तुमचं नाव आधीच उघडून ठेवलं असेल, तरच लागेल न."

देवराव लॅपटॉप झाकायला पुढं झाले, पण जानरावांनी पाहिलं होतं. पडद्यावर कॅरमच्या पटाशेजारी व्हॉट्सॲपवर जानरावांचंच नाव उघडं होतं, शेवटचा निरोप चार वर्षांपूर्वीचा. आणि खाली, लिहायच्या रकान्यात, पाठवायचा राहिलेला एकच शब्द: "जान्या,"

"कवापासून लिहून राह्यला हे?" जानरावांनी विचारलं.

"पुढचं सुचत नाही न बे," देवराव जमिनीकडं बघत म्हणाले.

जानरावांनी माऊस आपल्याकडे ओढला, बाण नीट नेऊन पाठवायच्या खुणेवर ठेवला आणि दाबला. त्यांच्या हातातला फोन टुणकन वाजला. त्यांनी चष्मा सारखा केला, निरोप सावकाश वाचला आणि खुर्ची ओढून बसले.

"हां," ते म्हणाले, "बोल. काय म्हणत होता?"