ट्रंक केबिनबाहेर ठेवावी

"हे गाठोडं बोटीवर येणार नाही," आलोशियसने दारातच जाहीर केलं.

"मग मी पन नाय येत," मार्था म्हणाली आणि तिने गाठ आणखी आवळली.

गाठोडं म्हणजे आलोशियसची जुनी खाकी पँट होती. तिचे दोन्ही पाय गाठ मारून बंद करून मार्थाने तिची पिशवी केली होती आणि आत गळ्यापर्यंत सुके बोंबील भरले होते. ती पाचूबंदरच्या कोळ्याची लेक. पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

आलोशियस मात्र होळी गावातल्या भाजीवाडीत वांग्यांना पाणी घालत वाढलेला. पुढे गोदीतल्या एका कचेरीत त्याने तीस वर्षं बोटींचे कागद टाइप केले आणि तेव्हापासून तो स्वतःला दर्यावर्दी समजू लागला. या तीस वर्षांत त्याने बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं, ही गोष्ट तो सोयीने विसरत असे.

आता मात्र जाणं भाग होतं. मुलगा ॲन्सेल्म फोर्टातल्या एका बँकेत होता. तिथेच काम करणाऱ्या आग्नेसशी त्याचं जमलं होतं. तिचे वडील डॉमनिक पणजीला राहत. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, "मी तीस वर्षं विलायती बोटींवर काढली आहेत. मला माणूस कळतो. आईवडिलांना घेऊन या. त्यांना भेटल्यावरच हो की नाही ते सांगेन."

तीस वर्षं बोटींवर म्हणजे मोठा ऑफिसरच असणार, असं आलोशियसने स्वतःच ठरवून टाकलं. ऑफिसरपुढे आपण अडाणी दिसता कामा नये म्हणून त्याने नवा सूट शिवला, नवी काळी ट्रंक घेतली, गोव्याच्या बोटीची केबिन काढली आणि टेबलाच्या खणात बारा वर्षं जपलेली एक पुस्तिका खिशात घातली. पुस्तिका लंडनला जाणाऱ्या बोटीच्या प्रवाशांसाठीच्या सूचनांची होती. आपली बोट चाकरमानी, कोंबड्या आणि आंब्याच्या पेट्या वाहणारी होती. हा फरक त्याला किरकोळ वाटला.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली तशी त्याने पुस्तिका उघडली. संध्याकाळी पाच वाजता तो मोठ्याने वाचू लागला, "उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रवाशांनी आपलं सामान केबिनबाहेर ठेवावं. जवळ फक्त रात्रीचे कपडे ठेवावेत."

"पप्पा, इकडे कोणीच बाहेर ठेवत नाही," ॲन्सेल्म म्हणाला. "टेन्शन कशाला घेता? सकाळी हमाल येईल ना."

"लोकांना शिस्त माहीत नाही. आपल्याला आहे."

त्याने सूट, बूट, टाय, सगळं ट्रंकेत भरलं. चांगलं ऊन असताना निळ्या पट्ट्यांचा नाइटसूट चढवला. ट्रंकेवर नाव-पत्ता टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती केबिनबाहेरच्या बोळात नेऊन ठेवली. गाठोड्याकडे त्याने हात नेला, तेव्हा मार्था त्यावर बसली. ती उठेना, तेव्हा त्याने नाद सोडला.

तासाभराने बोट एका मधल्या बंदराबाहेर थांबली. तिथे उतरणाऱ्यांनी आपापल्या ट्रंका, वळकट्या बोळात आणून रचल्या. मग हमाल आले आणि बोळातलं सगळं सामान उचलून चालू लागले. आपली ट्रंक हमालाच्या डोक्यावर पाहून आलोशियसला भरून आलं.

"जपून ने रे! बघितलंस ॲन्सेल्म, याला म्हणतात व्यवस्था!"

मार्था केबिनच्या गोल खिडकीतून बघत होती. "अवो, ट्रंक मचव्यात उतरवली."

"कोठारात नेली असेल."

"बोटीचं कोठार मचव्यात असतं काय? मचवा किनाऱ्याला चाललाय."

आलोशियस रबरी सपाता फटफटवत वर धावला. तोवर मचवा निम्म्या वाटेवर होता आणि त्याची काळी ट्रंक सगळ्यांच्या वर ऐटीत बसली होती. खलाशी म्हणाला, "ट्रंक मिळेल साहेब, पण चार दिवसांनी." हे ऐकून डेकवरचे चाकरमानी मोकळेपणाने हसले. कुणीही तोंड फिरवण्याचे कष्ट घेतले नाहीत.

सकाळी पणजी दिसू लागली. ॲन्सेल्म कालच्याच शर्टपँटमध्ये होता, त्याचं ठीक होतं. पण त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "पप्पा, ते नाही म्हणाले तर? तुम्ही नाइटसूटवर खाली येणार?"

आलोशियस पुस्तिकेत यावरचा उपाय शोधू लागला. मार्थाने शांतपणे गाठोड्याच्या गाठी सोडल्या, त्याच्या हातातली पुस्तिका घेतली, तिची पानं फाडून बोंबलांच्या पुड्या बांधल्या आणि रिकामी पँट झटकून पुढे केली.

"घाला."

पँटचं बटण लागेना आणि वास जाईना. वर निळ्या पट्ट्यांचा सदरा, खाली रबरी सपाता. अशा थाटात दर्यावर्दी आलोशियस बायकोच्या मागे लपत धक्क्यावर उतरला.

डॉमनिक आधीच घरी आलेल्या आग्नेसला घेऊन समोरच उभे होते. त्यांनी व्याह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाक किंचित वर केलं आणि विचारलं, "सामान?"

मार्थाने एक पुडी त्यांच्या हातात ठेवली. डॉमनिकनी पुडीच्या कागदावर छापलेली सूचना वाचली.

"काल संध्याकाळी केबिनबाहेर ठेवलंत काय?"

"पुस्तिकेत तसं... तुम्ही ऑफिसर, तुम्हाला ठाऊकच..." आलोशियस पुटपुटला.

"ऑफिसर कोण? मी केबिनचा नोकर. तीस वर्षं हेच केलं. लोकांनी बाहेर ठेवलेलं सामान उचललं. दर फेरीला एक तरी शहाणा पँट ट्रंकेत घालून बसायचा. सकाळी त्याला पँट शोधून द्यायची ती मीच." ते मार्थाकडे वळले. "यांना ही पँट कुणी दिली?"

"घरचीच हाय. बोंबील त्यातच व्हते."

डॉमनिकनी पुडीचा दीर्घ वास घेतला. आग्नेसकडे आणि ॲन्सेल्मकडे त्यांनी पाहिलं.

"मार्थाबाई, मुलगी तुमच्या घरी दिली. तुमच्या भरवशावर. यांच्या नव्हे."

ट्रंक पाचव्या दिवशी सुखरूप आली. तिच्यावरची चिठ्ठीसुद्धा जशीच्या तशी होती. लग्नात आलोशियसने तोच सूट घातला आणि मांडवात भेटेल त्याला गाठून तो बजावत राहिला, "बोटीवर ट्रंक कधी नेऊ नये. गाठोडंच न्यावं. मी मार्थाला घरून निघतानाच सांगितलं होतं."