पिंटूचं माप

देवराव टेलर माणसाला आधी मापतात आणि मग ओळखतात. माझे सासरे वारले तेव्हा ते भेटायला आले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि उठताना माझ्या मेहुण्याच्या कानात म्हणाले, "डावी बाही पाऊण इंच लांब हाय. तेरवी झाली की आणून दे."

पांढरकवड्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत दुकान. काम मुख्यतः शाळेच्या गणवेशांचं, त्यामुळे एक वाक्य तोंडात कायमचं बसलेलं: "वाढतं अंग हाय, दोन इंच मार्जिन ठेवतो." माझं वय एक्कावन्न. माझ्या पँटच्या कंबरेतही त्यांनी दोन इंच ठेवले होते. तेव्हा मी रागावलो होतो. त्यातले पावणेदोन पुढे वापरात आले.

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला त्यांनी नागपूरहून दोन इंचांचा एक मासा आणला. दुकानदाराने 'शार्क' म्हणून दिला होता आणि एवढाच राहतो असं सांगितलं होतं. त्याचं नाव पिंटू. दर रविवारी देवराव काचेला टेप लावत आणि आकडा मापवहीत लिहीत. पिंटू महिन्याला पाऊण इंच वाढत होता. देवराव मात्र दर वेळी नवी पेटी दोनच इंच मोठी करवून घेत. पहिली बारा इंची, मग चौदा, मग सोळा.

"देवरावभाऊ, दोन इंच ऐंशी दिवसांत संपतात," मी म्हणालो.

"संपू द्या. उसवून वाढवून देऊ."

काच उसवत नाही. पहिल्या पेटीत वहिनींनी पापड ठेवले, दुसरीत बटणं गेली. तिसरीत पिंटूला वळायचं असलं की ऑटोसारखं तीनदा मागेपुढे व्हावं लागे. दिवाळीनंतर तो सव्वातेरा इंचांचा झाला, तेव्हा देवरावांनी त्याला कूलरच्या टबात हलवलं. टब तीन फूट बाय दोन फूट, आणि थंडीत रिकामाच होता.

मार्चमध्ये वहिनींनी कूलर लावला. पाच मिनिटांत घरभर मासळीबाजाराची थंड हवा खेळू लागली.

"माणसं भाजून राह्यले अन् मासा कूलरात बसून हाय," वहिनी म्हणाल्या. "काहून, त्याले काय घामोळ्या येतात?"

"टब त्याच्याच मापाचा हाय वं."

"मंग मी जातो माहेरी. तिथं कूलर मोकळा हाय."

वहिनी माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी बाजारातल्या मासोळीवालीला घरी बोलावलं. तिने टबात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा, शार्क कायचा, हा तं पंगस हाय. आम्ही विकतो. अजून दुप्पट होते हा. आत्ताच अर्धा किलोच्या वर भरते."

देवरावांनी टबावर गणवेशाचं कापड टाकलं. "आमच्या घरी कोणाचं वजन नाही करत, बाई. माप घेतो आम्ही."

शेवटी मीच मार्ग सुचवला. मेहुण्याचं मुकुटबनजवळ शेततळं आहे, पंधरा मीटर बाय पंधरा मीटर. खाली प्लास्टिक, नदीनाल्याशी संबंध नाही.

"मार्जिन लय हाय," देवराव म्हणाले. मग, "पण तिथं माप कसं घेऊ, भाऊ?"

महिन्याच्या शेवटी ड्रम पिकअपमध्ये ठेवून आम्ही निघालो. तळ्याच्या काठावर देवरावांनी ओल्या टेपने शेवटचं माप घेतलं: सव्वासोळा. पिंटू पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. ते मेहुण्याला म्हणाले, "वाढतं अंग हाय. लक्ष ठेवजो."

गेल्या महिन्यात, पोळ्याच्या सुमारास, उरलेला पाव इंच सोडवायला मी पँट घेऊन गेलो. मापवही उघडी होती. पिंटूच्या पानावर तळ्यानंतरचेही सगळे रविवार लिहिलेले. प्रत्येक आकड्यापुढे एक शब्द: अंदाजे.

"मासा दिसत नाही, मग हे आकडे कुठून आले?" मी विचारलं. असे आकडे मला चालत नाहीत.

देवरावांनी पान मागे उलटलं. तिथे जर्मनीत जन्मलेल्या त्यांच्या नातीचं नाव होतं. छाती, लांबी, बाही, चार वर्षांची मापं. सगळ्यांपुढे अंदाजे. मशीनवर एक पिवळा फ्रॉक अर्धा शिवून पडला होता.

"तिले एकदाही हातानं मापलं नाही, भाऊ. फोनवर उंची समजत नाही. दरवाज्यापाशी उभी राह्यली तं दरवाज्यावरून अंदाज धरतो, अन् दोन इंच जास्त ठेवतो."

मी पँट टेबलावर ठेवली. सव्वासोळा, पाच महिने, महिन्याला पाऊण.

"मेहुण्यानं जाळं टाकून मोजला काल," मी म्हणालो. "बरोबर वीस भरला."

"वीस?" त्यांनी चष्मा लावला, पिंटूचं पान काढलं आणि जपून वीस लिहिलं. पुढे अंदाजे लिहिलं नाही.

त्या तळ्यात मेहुण्याने अजून जाळं टाकलेलं नाही.