नानांची सपाट गाडी

कुणाच्या घरी गेलं की आपण चपला काढतो आणि बसतो. देविदास नाना चपला काढायचे आणि खिशातून गवंड्याची लेव्हलची बाटली काढायचे. ज्या खाटेवर बसायचं तिच्यावर ती आडवी ठेवायची, आतला बुडबुडा मधोमध येतो का ते पाहायचं, आणि नाही आला तर उभ्यानेच चहा प्यायचा. माझ्या बायकोने नवा दिवाण घेतला तेव्हा गल्लीतल्या बायका त्याचं कापड पाहून गेल्या. नानांनी बुडबुडा पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, दिवान झकास शे. पन डावीकडे घसरस." त्या दिवसापासून मला डाव्या बाजूला झोप लागत नाही.

धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे सपाट नाना म्हणायचे. नानाही भेटले की 'कसं काय' नाही, 'बठ्ठं सपाट शे ना?', म्हणजे सगळं सपाट आहे ना, असं विचारायचे. घरात एकटेच. पूर्वी ते स्वतःच्या छोट्या ट्रकमधून फैजपूरकडची केळी वाहत. आम्ही कॉलनीत राहायला आलो तोवर केळी सुटली होती. तोच ट्रक पांढरा रंगवून त्यावर 'स्वर्गरथ' असं लिहिलं होतं. शहरातल्या दवाखान्यात माणूस गेला की त्याला त्याच्या गावी पोचवायचं, हे नानांचं काम. कॉलनीत ट्रक वळला की लोक बोलायचे थांबत आणि गेला की हळूच मोजून घेत, घरातले सगळे आहेत ना.

पण या गाडीत एक खोट होती. केळीची ओझी वाहून वाहून तिच्या मागच्या कमानी बसल्या होत्या. त्यामुळे गाडीचं ढुंगण खाली आणि तोंड आभाळाकडे. नानांना ते बघवत नसे. "मानूस शेवटना जास. निदान सपाट तरी जावाले पाहिजे ना भाऊ?" एवढंच म्हणायचे. एका रविवारी ते मला सोबत घेऊन सलीम मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले.

सलीमने गाडीखाली डोकं घालून पाहिलं. "नाना, सोपं आहे. मागून उचलू. नवे पाटे टाकू."

"मांगून उचलशी तर तिरडी चढावनारास्ना हात पोचतीन का? रडता रडता मानूस टाचा वर करी का? पुढून खाले घे."

"पुढच्या कमानीचे पाटे काढले तर चाक मडगार्डला घासेल. खड्ड्यात दणका थेट तुमच्या मणक्यात बसेल."

"बसू दे. मी जित्ता शे."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने जॅक लावला. कमान म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पाट्यांची जुडी. गंजलेले बोल्ट सोडवायलाच दुपार झाली. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून गाडी खाली सोडली, तर तिने तोंड जरा खाली केलं, पण नानांचा बुडबुडा काही मधे येईना. अजून एकेक पाटा निघाला. आता बुडबुडा जागेवर आला. तरी नानांचं समाधान नाही. ते मला म्हणाले, "बाटली रिकाम्या गाडीवर बोलस. तू झोप."

"कुठे?"

"मांगे. फळीवर."

मी झोपलो. का झोपलो ते आजही सांगता येत नाही. नानांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. वर पत्र्याचं छप्पर, उशाशी अगरबत्तीची राख, आणि बाहेरून नानांचा आवाज: "रगत डोकाकडे येस का पायकडे?"

"कळत नाही."

"डोळा मिट. मग कळी."

मी डोळे मिटले. नेमके तेव्हाच आमच्या ऑफिसातले कुलकर्णी स्कूटरवरून चालले होते. स्वर्गरथात ओळखीचा माणूस पाहून ते थबकले आणि त्यांनी हात जोडले. आपण जिवंत आहोत हे सांगायला मी उठून बसलो, तर त्यांनी स्कूटर इतकी पळवली की वळणावर एक चप्पल राहिली.

तेव्हापासून गाडी सपाट झाली आणि नानांचं अंग वाकडं झालं. स्टेअरिंग ओढून खांदे दुखत, खड्डा आला की कंबर धरत. म्हणून ते काटा वीसच्या पुढे जाऊ देत नसत. बैलगाड्या पुढे निघून जात. मयताचे नातेवाईक आधी विनवत, मग चिडत. नाना ऐकून घेत आणि वीसवरच राहत.

मलाही हे सगळं गमतीचंच वाटायचं. मग माझे अप्पा गेले.

शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे. अप्पांना तिथे न्यायचं होतं. मी केबिनमध्ये नानांच्या शेजारी बसलो, मामा आणि भाऊ मागे अप्पांजवळ. गावात लोक खोळंबले होते, फोनवर फोन येत होते. मामांनी मागच्या जाळीवर मूठ आपटली. "अहो नाना, ऊन उतरलं! जरा दाबा ना!"

"अप्पास्ले खड्डा लागतीन, मामा."

थोड्या वेळाने मामा रागाने उतरले आणि गावच्या एका मोटारसायकलवर बसून पुढे गेले. माझाही धीर सुटला. मी म्हणालो, "नाना, अप्पांना आता काय कळणार आहे?"

एक खड्डा आला. नानांनी ब्रेक दाबत दाबत गाडी त्यात उतरवली, तशीच अलगद वर काढली. दणका बसला तो आम्हा दोघांना.

"मनी बायको जळगावले दवाखानात मरी गई," ते म्हणाले. "आमनं गाव नरडाणाजवळ. दुसरी गाडी भेटनी नही, मग तिले हाईच गाडीमा झोपाडं. तिनी बहीन मांगे बसनी. मी चालाडत व्हतो."

मी जाळीतून मागे पाहिलं.

"गाडीनं तोंड वर. ती सरकत सरकत मांगना फाळकापर्यंत गई. खड्डा ऊना की तिना पायनी जोडवी लोखंडवर वाजेत. मी उतरनू, तिले पुढे सरकाडी. परत तेच. मंग उतरनूच नही." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "गावपर्यंत असं वाजे भाऊ, जशी ती मना मांगे चालत येई राहिनी."

त्यानंतर मी फोन बंद केला. गावात पोचलो तेव्हा मामा तोंड फिरवून उभे होते. अप्पा निघताना जसे ठेवले होते तसेच होते, कपाळावरचा बुक्कासुद्धा हलला नव्हता.

दिवस झाल्यावर आम्ही धुळ्याला परतलो. बायकोने नानांसाठी डबा दिला, तो घेऊन मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. घराला बाहेरून कडी होती. गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती, आणि नाना आत फळीवर झोपले होते.

अंगाखाली जुन्या लुगड्यांची रुंद गोधडी होती. नाना तिच्या अगदी काठावर, कडेच्या पत्र्याला पाठ लावून, कुशीवर झोपले होते. बाकीची गोधडी सुरकुतीसुद्धा न पाडता पसरून मोकळी ठेवली होती. झोपेतही त्यांचा हात तिच्यावर गेला नव्हता.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि फाटक न वाजवता बाहेर आलो.