खोलमत नानवाई यांचा उजवा खांदा फत्ते जाहला त्याची हकीकत

कोकंद शहरच्या तोलझार महल्ल्यातील लहानथोर, तंदुराशेजारी राहणारे आणि धुराला कंटाळून लांब राहणारे, या सर्वांस विदित व्हावे. या शहरी पूर्वी खानांच्या लढाया बहुत जाहल्या आणि लिहिणारांनी त्या लिहिल्या. परंतु महल्ल्याचे नानवाई राजमान्य खोलमत आका यांच्या उजव्या खांद्यावर जो गनीम चालून आला, आणि केसाएवढ्या बारीक सुयांनी त्याचे ठाणे कसे उठविले, हे वर्तमान कोणी लिहिले नाही. सबब आम्ही, जे त्यांच्याच हातचे नान खाऊन वाढलो, पदरची भर बेताने घालून लिहीत आहो.

खोलमत आका म्हणजे मोठे मातबर गृहस्थ. देह बुरुजासारखा, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकास शिंकले तर त्या टोकाच्या कोंबड्या उठाव्या. रोज सकाळी त्यांणी तंदूर पेटवावा आणि कणकेचे गोळे थापावे, आणि प्रत्येकाच्या मधोमध चेकीच मारावी. चेकीच म्हणजे लाकडी मुठीचा ठसा, खाली सुयांचे फूल. तिने टोचले की नानाचा मधला भाग फुगत नाही आणि नक्षीही उमटते. मग तो नान हातातल्या गादीवर घेऊन डोक्याखांद्यासुद्धा तंदुराच्या तोंडात शिरावे आणि आतल्या तापल्या भिंतीवर असा तडाखा द्यावा की नान जागचा न हलावा. या तडाख्याचा दरारा पार बाजारापर्यंत होता.

ऐसे असता हिवाळा सरतेवेळी आकांच्या उजव्या खांद्यामागे, मानेच्या बुडाशी, एक गाठ ठाणे देऊन बसली. सुपारीएवढी गाठ, परंतु तिची कळ दंडावरून दौड मारीत कोपर लुटू लागली. आकांचा तडाखा ढिला पडला आणि एके सकाळी एक नान भिंतीवरून सुटून निखाऱ्यात कोसळला. निखाऱ्यात पडला नान म्हणजे नानवाईची भर चौकात बेअब्रू. आकांनी तो राख झाडून स्वतःच खाल्ला आणि दोष पिठास दिला. पुढे आणखी नान पडले, तेव्हा लाकडास दिला, मग हवेस दिला, आणि अखेर हवेस कंटाळून कोणासच दिला नाही.

ही खबर प्रथम कळली ती त्यांच्या कबिल्यास, सनोबरबानूंस. पाहुण्यांस चहाचा पेला डाव्या हाताने देणे आमच्याकडे मोठी बेअदबी, आणि आकांनी खुद्द व्याह्यांस तसा दिला. सनोबरबानूंनी ते पाहिले, आणि व्याह्यांपुढे जर्दाळूंची बशी सरकविली.

मग घरगुती फौजा मैदानात उतरल्या. प्रथम दुंब्याच्या चरबीची पलटण आली, ती चोळून चोळून सारे घर मेंढ्याच्या वासाने भरले आणि गनीम जागचा हलला नाही. मागाहून तापल्या मिठाची पुरचुंडी आली, मिरचीची पट्टी आली, लोकरी शाल आली. प्रत्येकीने एकेक दिवस मोर्चा लढविला आणि शिकस्त खाऊन परतली. तेव्हा आका मसलतीकरिता चायखान्यात गेले. चायखान्याचे मालक तोख्तासीन आका हे त्यांचे बालमित्र, आणि दुसऱ्याच्या दुखण्यात बहुत धैर्यवान.

"तुला वारं लागलंय, खोलमत," तोख्तासीन म्हणाले. "चरबी चोळ."

"चोळली."

"मग मिरचीची पट्टी लाव."

"लावली. पाठ भाजली, खांदा तसाच."

"मग एकच उरलं. दुखतंय हे विसरून जा."

"तू विसर आधी. सकाळपासून तू तिसऱ्यांदा विचारतोयस."

येणेप्रमाणे मसलत निष्फळ होऊन आका घरी आले.

येथे एक गोष्ट लिहिणे जरूर. आकांची धाकटी लेक दिलोरम हिला कोरिया मुलुखात शिकावयास जाण्याचा परवाना आला होता आणि निघण्याचा दिवस जवळ येत चालला होता. लांबच्या वाटेस लागणाराने निघतेवेळी नानाचा एक घास तोडावा, उरला नान घरच्यांनी भिंतीस टांगून ठेवावा, आणि तो परत येईल तेव्हा त्याने तो पुरा करावा, हा आमच्या मुलखाचा रिवाज. लेकीचा तो नान आपल्याच हाताने तंदुराच्या भिंतीस लागावा, याखेरीज आकांच्या मनी दुसरा विचार नव्हता. परंतु हे त्यांणी कोणास सांगितले नव्हते. आपल्या घरी ते सांगावे लागेल, असे त्यांस वाटलेच नाही.

त्या सायंकाळी जेवणाचा दस्तरखान मांडला असता दिलोरम बापास साधेपणी म्हणाली, "दादा, माझा नान बाजारातून आणू का? सोयिबजानकडचा पण चांगला असतो. तुमचा हात कशाला दुखवायचा."

आकांनी हातातला घास खाली ठेविला. मर्जी खप्पा जाहली म्हणावी तर चेहऱ्यावर राग नव्हता. ते उठून अंगणात गेले आणि विझल्या तंदुरापाशी उगाच उभे राहिले. सनोबरबानू मागोमाग गेल्या आणि तेथेच हुकूम जारी जाहला.

"उद्या दवाखान्यात जायचं. झुल्खुमारकडे."

"ती सुया टोचते म्हणे."

"टोचते."

"मग बघू पुढच्या महिन्यात."

"अहो, पुढच्या महिन्यात लेक विमानात असेल."

आका ऐसे माघार का घेत होते, त्याचे कारण आता लिहिणे भाग आहे. बैलाच्या लाथेने बरगडी मोडली असता हूं की चूं न करणारे हे पुरुष, सुई पाहताच पांढरे पडत. फौजेत असता लस टोचावयाच्या रांगेतच ते आडवे जाहले होते. हे गुपित महल्ल्यात फक्त सनोबरबानूंस ठाऊक होते, म्हणजे सर्वांस ठाऊक होते.

झुल्खुमारबानू ही शेजारच्या घरची लेक, आकांस अमाकी, म्हणजे काका, म्हणणारी. ताश्कंदाहून स्नायूंच्या दुखण्याची विद्या शिकून आली होती आणि सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत लोकांच्या माना, कमरा व खांदे ताब्यात घेत असे. तिने आधी रक्त पातळ करण्याची गोळी वगैरे काही घेता काय, याची चौकशी केली. मग हात वर करविला. तो कानाच्या खालीच अडला. मग बोटांनी खांदा चाचपीत चाचपीत ती एका जागी थांबली आणि दाबले.

"कोपरापर्यंत गेली ना कळ, अमाकी?"

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या भुवयांनी सांगितलं. स्नायू आवळून बसलाय, त्याची गाठ आहे ही. सुई तिथपर्यंत नेली की सैल पडतो. सगळ्यांचाच पहिल्या खेपेला पडतो असं नाही, पण तुमचा पडेल असं वाटतंय."

असे म्हणून तिने पाकीट फोडिले आणि सुई बाहेर काढिली. ती केसासारखी बारीक होती, परंतु आकांस भाल्यासारखी दिसली.

"औषध कोणतं आहे त्यात?"

"काहीच नाही. कोरडी सुई."

"म्हणजे रिकामी?"

"रिकामीच."

तेव्हा आकांनी जाहीर केले की, खोलमत वल्द नारमत हा कोणाही रिकाम्या सुईस अंग देणार नाही. औषध असते तर गोष्ट निराळी होती. आणि लगेच चपान, म्हणजे लांब अंगरखा, उचलून कूच करावयास निघाले. परंतु डावा हात बाहीत गेला आणि उजवा वर जाईना. एक बाही चढलेली, दुसरी पाठीमागे लोंबती, असे ते दाराकडे दोन पावले गेले आणि तेथेच माघार अडकली.

दारापाशी बसलेल्या सनोबरबानू शांतपणे म्हणाल्या, "घाला ना. मी थांबलेय."

झुल्खुमारने हसू आवरले आणि तहाचे बोलणे लाविले. "अमाकी, तुम्ही नानाला रोज चेकीच मारता. त्या सुयांत काय औषध असतं?"

"औषध कशाला? टोचलं की कणीक फुगत नाही. गप्प बसते."

"मग?"

"मग काय मग. ती कणीक आहे. तिला कळत नाही."

"तुम्हालाही फार कळणार नाही. आणि नको वाटलं तर सांगा, तिथेच थांबते. जबरदस्ती नाही."

आकांनी लोंबती बाही डाव्या हाताने ओढून पाहिली. मग हलक्या आवाजात, जो त्यांजपाशी आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते, म्हणाले, "पोरी, दिलोरमचा नान मला लावायचाय. माझ्या हाताने. तेवढं होईल का?"

"वचन देत नाही, अमाकी. प्रयत्न करू."

ते ऐकून आकांनी चपान उतरविला, म्हणजे सनोबरबानूंनी उतरविला, आणि ते पलंगावर, त्यातील भोकात तोंड घालून, पालथे पडले. झुल्खुमारने खांद्याचे मांस चिमटीत धरून वर उचलिले, की सुई फुप्फुसाकडे न जावी, आणि काम सुरू केले.

"सांगून टोच हं."

"आत आहे."

"कधी?"

इतक्यात सुईचे टोक गाठीस भिडले, आणि खांदा मासळीसारखा तडफडून उडाला. आजवर जो खांदा फक्त आकांचा हुकूम मानीत आला, तो त्यांच्या देखत परस्पर उडाला. मागाहून अशी जड, खोल कळ आली की आकांनी सनोबरबानूंचा हात धरिला. आका अद्याप म्हणतात की हात सनोबरबानूंनीच धरिला होता. परंतु वळ सनोबरबानूंच्या बोटांवर होते, ते आम्ही पाहिले.

"हे मी नाही केलं," आका पलंगाच्या भोकातून म्हणाले.

"ठाऊक आहे. गाठीने केलं. हेच हवं होतं."

दुसरे दिवशी खांदा असा ठणकला की जणू कोणी मुसळाने कुटला. झुल्खुमारने हे आधीच बजाविले होते, परंतु आकांनी दगा जाहल्याचे जाहीर केले. चायखान्यातून तोख्तासीन आकांचा निरोप आला की, मी बोललो होतो. वास्तविक ते तसे काही बोलले नव्हते. दिलोरमने बाजारची पिशवी उचलून दाराशी ठेविली, आणि आकांनी ती पाहिली, आणि आत जाऊन पडले.

मग त्यापुढल्या सकाळी कुंपणावरून मांजर उड्या मारीत गेले, तिकडे आकांनी मान वळवून पाहिले आणि त्यास शिवी दिली. शिवी देऊन जाहल्यावर त्यांच्या ध्यानी आले की मान वळली. त्यांणी ती पुन्हा वळविली, मग दुसरीकडे वळविली, आणि सनोबरबानूंस हाक मारून तिसऱ्यांदा वळविली. त्या म्हणाल्या, "पुरे. घुबड दिसताय."

तदनंतर आका आपण होऊन झुल्खुमारकडे जात राहिले, आणि तिने नेमून दिलेले व्यायाम चौकटीस हात टेकून नेमाने करीत राहिले. शेजारणींस वाटले, हे घर विकावयाचे मनात असून दार मोजीत आहेत. दरवेळी सुई पाहून ते पांढरे पडत, हे खरे. परंतु पांढरे पडूनही जात.

निघावयाचा दिवस उजाडला. आकांनी तंदूर पेटविला आणि कोणास जवळ येऊ दिले नाही. नान थापिला, चेकीच मारिली, वर तीळ पेरिले. गादीवर घेऊन ते तंदुरात शिरले. अंगणात सनोबरबानू, दिलोरम आणि निमित्त काढून आलेला अर्धा महल्ला उभा होता. आतून तडाख्याचा आवाज आला. आका बाहेर आले आणि कोणाकडे न पाहता तंदुराच्या तोंडाशी बसले. नान भिंतीवर राहिला. रंग धरला, फुगला, मधला भाग दबलेला राहिला, आणि निघाला तेव्हा तांब्याच्या ताटासारखा दिसला.

दिलोरमने घास तोडिला आणि चावीत चावीत म्हणाली, "दादा, मीठ जास्त झालंय."

"झालं असेल. उरलेला येऊन खा, मग भांडू."

नान टांगावयाचा खिळा आकांच्या वडिलांनी मारला होता, आणि ते उंच पुरुष असल्याने तो बराच वर होता. सनोबरबानूंनी घडवंची पुढे केली. आकांनी ती पायाने बाजूस सारिली. मग उजवा हात कानापाशी, कानावरून, डोक्यावरून सरळ वर नेला आणि नानाचा दोरा खिळ्यास अडकविला. अडकवून जाहल्यावरही हात बराच वेळ तेथेच राहिला. दुखत नव्हता. परंतु खाली घेतला असता वळावे लागते आणि लेकीस निरोप द्यावा लागतो, म्हणून तो वर राहिला.

मग दिलोरमच पुढे गेली आणि त्या वर केलेल्या हाताखाली शिरून बापास बिलगली, आणि हात आपोआप खाली आला.

येणेप्रमाणे खोलमत नानवाई यांचा उजवा खांदा गनिमाच्या ताब्यातून सुटून, वसंताच्या आरंभी, कोकंद मुक्कामी फत्ते जाहला. झुल्खुमारबानूंस आकांनी गरम नान आणि जर्दाळू पोचविले. तोख्तासीन आकांची कमर धरली असून ते सुयांची चौकशी दुसऱ्याच्या नावाने करीत आहेत. दिलोरमबानू कोरियास सुखरूप पोचून तेथील पावास नावे ठेवीत आहेत. घडले ते लिहिले. खिळ्यावरचा नान आहे तसा आहे, आणि सनोबरबानू त्यावरची धूळ रोज फुंकतात.