टपालवाल्याचे तीन जीव

रविवारी सकाळी मी कपाटाचा खालचा खण आवरायला घेतला, ही माझी पहिली चूक. त्यात सापडलेल्या फ्लॉपीबद्दल तोंड उघडलं, ही दुसरी. (मूळ चूक लग्नाच्याही आधीची आहे. ती सांगायला मला अजून धीर गोळा करायचाय.)

फ्लॉपी बघून बायको म्हणाली, टाका ती कचऱ्यात. घरातल्या माझ्या सगळ्याच वस्तूंबद्दल ती याच आवाजात बोलते, पण त्या दिवशी मला ते लागलं. मी म्हणालो, की हिच्यात मी स्वतः लिहिलेला व्हिडिओ गेम आहे. पूर्वी टीव्हीला जोडून, फ्लॉपी घालून खेळायचं यंत्र मिळायचं ना, त्याच्यासाठी. कुठल्या कंपनीचा नाही, आपला घरगुती. हे अगदी खरं होतं. तिनं माझ्याकडे चक्क कौतुकानं पाहिलं. अठरा वर्षांत सवय नसल्यामुळे मला ते पचलं नाही आणि मी पुढे जोडून दिलं, "तुझ्यासाठीच केला होता. आपलं लग्न ठरलं तेव्हा."

हे साफ खोटं होतं. गेम मी लिहिला तो बायकोला पहिल्यांदा बघण्याच्या दोन वर्षं आधी. तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लॅब असिस्टंट होतो आणि तिथल्या काउंटरवर फी घ्यायला एक मुलगी बसायची. दोन वेण्या, मोठा चष्मा. तिच्या घरी ते यंत्र आहे, एवढं मला कळलं होतं. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती म्हणून चार महिने खपून मी गेम केला. एक टपालवाला, सहा खोल्या, खोलीत कुत्री. कुत्री चुकवायची, चावी शोधायची, दार उघडायचं, पुढच्या खोलीत जायचं. सगळं मुद्दाम महाकठीण केलं होतं, कारण प्रेम स्वस्तात मिळू नये अशी माझी त्या वयातली समजूत होती.

आणि सहावी खोली पार केली, की शेवटच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी काढलेला तिचा चेहरा यायचा, दोन वेण्या आणि चष्म्यासकट, आणि खाली माझ्या नावानिशी पत्र.

(माझ्या बायकोला चष्मा नाही. तिचे केस लहानपणापासून मानेपर्यंतच आहेत.)

मला वाटलं होतं, विषय तिथंच संपला. ते यंत्र आता कुठं मिळायला? पण माझा मेहुणा, बायकोचा भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि पुढच्याच गल्लीत राहतो. बहिणीचा फोन गेल्यावर तासाभरात तो फ्लॉपी वाचायचं डबडं घेऊन हजर झाला.

"यंत्र कशाला हवं, भाऊजी?" तो म्हणाला. "एमुलेटर टाकतो. म्हणजे लॅपटॉपच ते यंत्र असल्याचं सोंग घेतो."

अर्ध्या तासात माझा टपालवाला टीव्हीवर टुणटुण उड्या मारायला लागला. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग पहिल्या कुत्र्यानं टपालवाल्याचा पाय धरला आणि त्याच क्षणी मला शेवटचा पडदा आठवला. माझ्या टाळ्या मध्येच थांबल्या. मी सोफ्याच्या हातावरच बसलो.

मनाला समजावलं, की घाबरतोस कशाला? टपालवाल्याला जीव तीनच. तीन गेले की पुन्हा पहिल्या खोलीपासून. बायकोनं आयुष्यात गेम खेळलेला नाही, दुसऱ्या खोलीतच कंटाळेल. एवढ्यात मेहुणा तिला म्हणाला, "ताई, हे बटण दाबलं की आहे तिथला खेळ जसाच्या तसा राहतो. मेलीस की परत तिथूनच सुरू. कितीही वेळा."

आमच्या काळी अशी सोय नव्हती. माझी सगळी अब्रू त्या तीन जिवांवर तगून होती आणि या गृहस्थानं ते एका बटणावर अमर करून ठेवले.

माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजते आणि शंका आली तर पहिल्यापासून मोजते. अशी बाई कंटाळत नसते. सोमवारी ती दुसऱ्या खोलीत होती, मंगळवारी चौथ्या. संध्याकाळी घरी आली, की चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि मी आतून कानोसा घ्यायचो. चावी मिळाल्याचा टिंग असा आवाज आला, की मी बोटांवर उरलेल्या खोल्या मोजायचो. जेवण जाईना. ऑफिसात मी एका पत्रावर साहेबांच्या जागी माझीच सही केली.

बुधवारी मी गेम खेळायचा रिमोट पिठाच्या डब्यात लपवला. ती कीबोर्डवर खेळली. मग मी गेमची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसात शेवटचं चित्र पुसायला बसलो. पण आपण काय लिहिलं होतं ते आपल्यालाच कळेना. चार आकडे इकडचे तिकडे केले, त्यानं कुत्री हिरवी झाली आणि टपालवाला डोक्यावर चालायला लागला. मेहुण्यानं फाईल बिघडली म्हणत पाच मिनिटांत मूळची परत टाकून दिली. (आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.)

गुरुवारी टिंग वाजलं आणि ती सहाव्या खोलीत शिरली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पुढचा टिंग कुठल्याही क्षणी वाजेल म्हणून मी दोन दिवस नीट श्वाससुद्धा घेतला नाही. शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा खेळायला बसली आणि माझा धीर सुटला. मी चहाची गाळणी हातात घेऊनच बाहेर आलो आणि टीव्हीसमोर आडवा उभा राहिलो.

सगळं सांगून टाकलं. क्लास, काउंटर, वेण्या, चष्मा, पत्र. तुझ्यासाठी केला हे खोटं होतं, तेही सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाजूला व्हा, दिसत नाहीये."

तिला रविवारीच कळलं होतं. एमुलेटरमध्ये म्हणे एक खिडकी उघडते, तिच्यात गेममधली झाडून सगळी चित्रं एकदम दिसतात. मेहुण्यानं ती उघडली आणि बहीणभावांनी वेण्या, चष्मा सगळं निवांत बघून घेतलं, मी आत त्यांच्यासाठी चहा टाकत होतो तेव्हा. फक्त पत्राच्या अक्षरांचे तुकडे होते, ते जुळेनात. ते वाचायला ती आठवडाभर कुत्र्यांशी झुंजत होती.

"पण हे दार काही उघडत नाही. काल भावाकडून तपासून घेतलं. खोल्या सहा आहेत आणि चाव्या पाच. तुम्ही स्वतः कधी शेवटपर्यंत खेळला होतात का?"

नव्हतो खेळलो. शेवटचा पडदा मी वेगळा चालवून पाहिला होता, वेण्या नीट दिसतात का ते बघायला.

मी खालीच बसलो. क्लासमधल्या त्या मुलीच्या हातात गेम दिला होता, त्यानंतरचा चौथा दिवस मला आठवला. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला होता, एक अक्षर न बोलता. तो मी नकार समजलो. नोकरी सोडली, दोन वर्षं दाढी वाढवली, आणि शेवटी आई म्हणाली त्या पहिल्या स्थळाला मान डोलावली. भीतीच्या भरात मी हेही बायकोला सांगून टाकलं. (पहिल्या स्थळाचंसुद्धा.)

पडद्यावर टपालवाला बंद दारासमोर उभा होता. मी गाळणी घट्ट धरून होतो.

"म्हणजे तिनं ते पत्र वाचलंच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आवडलाही असतात तुम्ही तिला."

"असेन कदाचित."

तिनं लॅपटॉप बाजूला सारला.

"एक चावी ठेवली असतीत हो," ती म्हणाली, "तर मी सुटले असते."